बांधाचे बयान

दसरा होऊन आठ दिवस उलटले, तरी व्यंकटीच्या सोयाबीनला विळा लागला नव्हता. शेंगा वाळून खुळखुळ्यासारख्या वाजू लागल्या होत्या. आणखी दोन दिवस ऊन खाल्ले असते, तर त्या उभ्या झाडावर तडकून दाणे मातीत गेले असते. आणि आभाळ असे की सकाळी धुतल्यासारखे, दुपारी ढगांची जमवाजमव, सांजेला चाकूरच्या अंगाला कुठेतरी गुरगुर. अशा आभाळावर माणसाने विश्वास ठेवू नये. व्यंकटी तर तसाही कशावर पटकन विश्वास ठेवणारा नव्हता. बैल बांधला की गाठ दोनदा ओढून बघायचा; बियाण्याची पिशवी उलटी करून शिवण तपासायचा; रस्त्यात कुणी 'काय चाललंय' म्हटले, तरी उत्तर देण्याआधी त्या विचारण्यामागे काय असेल याचा अदमास घ्यायचा.

यंदा तर त्याला निमित्तच मिळाले होते. त्याच्या चुलत भावाने, बजरंगने, मोजणीचा अर्ज दिला होता. दोघांची शेते लागून होती. आजोबांच्या काळी ते एकच रान होते. वाटणी झाली तेव्हा मधोमध बांध पडला. त्या बांधावरून एके काळी भरली बैलगाडी जायची. आता माणूस चालला तर पायापुढे पाय टाकून चालावा लागे. एवढा रुंद बांध गेला कुठे, हे कुणी कुणाला विचारत नसे. विचारायची पद्धतच नव्हती. नांगरटीच्या दिवसांत सगळ्याच शिवारात बांध थोडा थोडा झिजतो, म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखा. व्यंकटीला मात्र आपल्या बाजूचा हिशेब पाठ होता. गेल्या आठ वर्षांत दर उन्हाळ्यात, नांगराचा शेवटचा तास घेताना, तो रुमण्यावर, नांगराच्या मुठीवर, जरा जास्त भार देऊन फाळ बांधात घालायचा. वीतभर. कधी त्याहून कमी. आजूबाजूला कुणी नाही, हे पाहून.

मोजणीची तारीख महिनाअखेरची होती. नोटीस घरात पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या घडीत ठेवलेली होती.

अखेर बायकांची एक टोळी मिळाली. सरजाबाई ही त्या टोळीची मुकादमीण. साठी उलटलेली, पण वाकली की ओळ संपेपर्यंत कंबर सरळ करायची नाही. सकाळी आठला विळे लागले. व्यंकटी आणि त्याची बायको शीला कडेच्या ओळीला होते. दहाच्या सुमाराला ऊन पाठीवर चढले, घामाने अंगाला कुसळे चिकटली, आणि सरजाबाईने खाली मान घालूनच बोलायला सुरुवात केली.

"व्यंकटी, तुझी सुकन्या लई हुशार निघाली की रे."

"काय केलं तिनं?"

"बांधाला बोलतं केलंय म्हनं. आमची नात पुनम सांगत होती. वर्गात तिनं थोडं वाचून दाखवलं. बांध म्हनतो, मला वरसाला थोडं थोडं कापत्यात. वर्ग नुसता चिडीचूप झाला म्हनं."

पलीकडच्या ओळीतली एकजण हसली. "मग मोजनीवाल्याला मशीन कशाला लागतंय, मावशी? सुकन्याला नेऊन हुबी करा. बांधच सांगल, मी कुठवर व्हतो ते."

बायका हसल्या. शीला हसली नाही. व्यंकटीने पाय उचलून पुढे टाकला, तो नेमका कापलेल्या सोयाबीनच्या सडावर. चपलेचा तळ झिजलेला. सड भोकातून थेट टाचेत गेला. त्याने खाली पाहिले नाही. बायका बघत होत्या. तो तसाच पुढे कापत राहिला, आणि मागे मातीत प्रत्येक पावलाला रक्ताचा एक ठिपका उमटत गेला.

संध्याकाळी त्याने सुकन्याला समोर बसवले. पोरगी अकरा वर्षांची, सहावीत. बापाचा आवाज बदलला की ती ओढणीचे टोक बोटाला गुंडाळायची. तसे तिने गुंडाळले.

"वही आन."

"वही सरकडं हाय, बापू. तपासायला घेतलीय."

सर म्हणजे दयानंद सर. बिलोलीकडचा पोरगा, दोन वर्षांपूर्वी गावच्या शाळेत आलेला. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता खांद्याकडे बघायचा. आणि भाड्याने राहायचा तो बजरंगच्या ओसरीलगतच्या खोलीत. व्यंकटीला हे आधीही ठाऊक होते. पण आज ते ठाऊक असणे वेगळे वाटले.

"तुला बांधाचं कोन सांगितलं?"

"कुनी न्हाई. सर म्हनले, नदी बोलते, झाड बोलतं, हे सगळं गाईडात हाय. वर्गातल्या अठ्ठावीस वह्यांत एकच नदी वाहून राहिलीय. म्हनले, जे गाईडात न्हाई आन शेजारनीच्या वहीत बी न्हाई, अशा कुनाला तरी बोलू द्या. चुकलं तरी चालल."

"चुकलं तरी चालल? मास्तर म्हनला?"

"हाव. आन म्हनले, जे वाक्य लिव्हताना हात थांबला, त्याच्याखाली रेघ मारा. त्या रेघंला एक मार्क जास्ती."

व्यंकटीच्या शाळेत चुकले की वेताची छडी होती. सातवीपर्यंत त्याने ती खाल्ली होती आणि ती कशासाठी आहे, हे त्याला नीट कळत होते. चुकले तरी चालेल म्हणणारा मास्तर मात्र त्याच्या हिशेबात बसेना. भीतीच्या वाक्याला मार्क द्यायचा, म्हणजे पोराच्या पोटातले घरचे काढून घ्यायचे. आणि ते काढून न्यायचे कुठे? बजरंगच्या ओसरीवर.

"तू कशाखाली रेघ मारली?"

सुकन्याने ओढणीचा एक वेढा आणखी घेतला. "हाय एक वाक्य."

चुलीपुढे भाकरी थापणारी शीला मान न वळवता म्हणाली, "पोरीला कशाला खोदून राहिलात? तिनं काय पाहिलं असंल तर डोळ्यानं पाहिलं असंल. डोळे काय सरनी दिले?"

"तू गप बस."

"मी गपच हाय. आठ वर्सं झाली."

तव्यावर भाकरी फुगली, आणि तिने ती निखाऱ्यावर टाकली.

कापणीचे आणखी दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत व्यंकटीच्या नजरेला जे जे पडले, ते सगळे एकाच दिशेला बोट दाखवू लागले. सकाळी रानात जाताना बजरंगच्या घरावरून वाट होती. ओसरीवर दयानंद सर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसलेला, बाजूला बजरंग चहाची बशी ओठाला लावून. बजरंग काहीतरी म्हणाला, सर हसला. व्यंकटी दिसताच बजरंगने बशी खाली ठेवली. नुसती ठेवली, इतकेच. पण ती ज्या घाईने ठेवली ती घाई व्यंकटीने दिवसभर चघळली. दुपारी बजरंग आपल्या शेतात आला आणि बांधाच्या कडेने, हात मागे बांधून, हळूहळू टोकापर्यंत चालत गेला. त्याचे ओठ हलत होते. पावले मोजत असावा. मोजत नसेल, तर देवाचे नाव घेत असेल. पण भरउन्हात बांधावर देवाचे नाव कोण घेतो?

तिसऱ्या दिवशी कापणी ऐन रंगात असताना व्यंकटीने विळा कमरेला खोचला आणि शाळेची वाट धरली. सरजाबाई मागून म्हणाली, "अरे, आभाळ बघ की. आज कापल्याल्या कवळ्या गोळा न्हाई झाल्या तर भिजतील." त्याने ऐकले नाही.

शाळेत मधली सुट्टी होती. त्याने चपला पायरीखाली काढल्या. टाचेला फडके बांधलेले होते, त्यावर माती आणि वाळलेले रक्त. वर्गात खुर्ची एकच होती, तीही सरांची, म्हणून दयानंद सरांनी त्याला पुढच्या बाकावर बसायला सांगितले. बाक पोरांच्या मापाचा. गुडघे छातीशी आले. कमरेचा विळा टोचू लागला, म्हणून त्याने तो काढून बाकावर ठेवला. आणि ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आले की आपण मास्तरासमोर विळा ठेवून बसलो आहोत. खिडकीला पोरांची तोंडे चिकटली होती.

"वही बगायचीय," तो म्हणाला.

सरांनी गठ्ठ्यातून वही काढली आणि पान उघडून त्याच्यापुढे ठेवली. व्यंकटी बोट लावून वाचू लागला. त्याचे वाचन चिखलातल्या गाडीसारखे; एकेका अक्षराला चाक रुतायचे.

'मी बांध बोलतोय. पूर्वी मी लठ्ठ होतो. माझ्या अंगावरून बैलगाडी जायची तेव्हा मला गुदगुल्या व्हायच्या. आता मांजर गेलं तरी तोल सांभाळत जातं. दर वर्षी नांगर आला की माझी एक बरगडी जाते. नांगर धरणारा माणूस आधी इकडेतिकडे बघतो.'

बोट तिथे थांबले. पान अजून संपले नव्हते. पण व्यंकटीचे वाचणे संपले. इकडेतिकडे बघतो. हे कुणाला दिसले होते? उन्हाळ्याची दुपार, शिवारात चिटपाखरू नाही, बाभळीखाली पाण्याची घागर आणि घागरीजवळ...

घागरीजवळ सुकन्या बसायची. जेवण घेऊन आलेली. कुणी नाही म्हणताना त्याने तिला कधी मोजले नव्हते.

ते आठवले, पण आठवताच त्याने ते बाजूला सारले. पोरीला दिसले असेल. पण दिसलेले असे शब्दांत मांडायचे तिला कुणीतरी शिकवले असणारच.

"हे बयान कुनी लिव्हून घेतलं?"

"बयान नाही मामा, निबंध आहे," सर त्याच्या खांद्याकडे बघत म्हणाले. "कुणी लिहून घेतलेला नाही. मी पुढचंही वाचा म्हणेन. मागच्या बाजूला..."

"मला मागचं नको अन् पुढचं नको. तुमी बजरंगच्या वसरीत ऱ्हाता न्हवं?"

"हो. भाड्यानं."

"चा बी तिथंच पिता."

हातातला खडू सरांनी दोन बोटांत इतका फिरवला की बोटे पांढरी झाली.

आवाज ऐकून हेडमास्तर गुरुपादप्पा आले. गावचेच, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली, पांढरा शर्ट, कपाळावर भस्म. त्यांनी उभ्याउभ्या पान वाचले, चष्मा काढला, आणि आधी खिडकीतली पोरे हाकलली.

"दयानंद सर, गावात मोजनीचा मामला हाय. नदीला बोलू द्या, झाडाला बोलू द्या, फाटक्या पुस्तकाला बोलू द्या. बांधाला कशाला बोलाया लावता?"

"बांध मी दिला नव्हता, सर. मी काहीच दिलं नव्हतं."

"तेच तर. काहीच दिलं न्हाई की पोरं हातात येईल ते घेत्यात. उद्या कुनाच्या घरातली भांडी बोलतील. मग तुमी जाल बदली करून, अन् मी ऱ्हाईन हितं."

"ते पान फाडा," व्यंकटी म्हणाला. "माज्यासमोर."

दयानंद सर पहिल्यांदा सरळ त्याच्या डोळ्यांत बघून बोलले. "मला ते फाडता येणार नाही, मामा. वही तिची आहे. तिला विचारा."

सुकन्याला बोलावले. ती दारातच उभी राहिली. तिने बाकावरचा विळा पाहिला, बापाच्या टाचेचे फडके पाहिले, मग उघडी वही. कुणाला काही सांगावे लागले नाही. ती पुढे आली, दप्तरातली पट्टी आणली, पानाच्या मुळाशी दाबून धरली, आणि जोडीचे पान निसटू नये म्हणून अगदी सावकाश, शिवणीच्या कडेने पान फाडले. इतक्या नीट की वहीत फाडल्याची खूणही राहू नये. मग दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसे, ते तिने बापाला दिले.

"उद्यापासून गाईडातलंच," गुरुपादप्पा म्हणाले. कुणाला म्हणाले, ते कळले नाही. पण दयानंद सरांनी मान हलवली.

व्यंकटी परत आला तेव्हा पावसाचे टपोरे थेंब पडू लागले होते आणि बायका धावपळ करून कवळ्या उचलत होत्या. शीलाने त्याच्याकडे पाहिले, त्याच्या छातीच्या खिशातून डोकावणारी कागदाची घडी पाहिली, आणि डोक्यावरचा भारा तसाच पुढे नेला. दिवे लागायच्या आत सोयाबीनची बनीम रचून झाली. माणसाच्या दीड उंचीचा तो ढीग, त्यावर निळी ताडपत्री, कडांना दगड. बनीम रचून घरी जाणे ही व्यंकटीसाठी वर्षातली सर्वांत कठीण गोष्ट होती. गेल्या सालीच शेजारच्या गावात भाऊबंदकीतून कुणीतरी बनीम पेटवून दिली होती. एका काडीत सगळे साल गेले होते.

सकाळी तांबडे फुटता फुटता तो रानात पोचला. वारा रात्रभर घोंघावला होता. बनीम जागेवर होती. पण ताडपत्रीच्या उगवतीकडच्या कोपऱ्यावर चार दगड होते. त्याने तिथे दोनच ठेवले होते, हे त्याला पक्के आठवत होते. तो ढिगाभोवती दोनदा फिरला. ताडपत्री उचलून आत हात घातला, काड नाकाशी धरून रॉकेलचा वास येतो का ते पाहिले. काड फक्त ओल्या शेंगांचा वास देत होते. दगड उलटेपालटे केले. दगड बांधाचे होते. पावले पावसाने पुसली होती. कुणीतरी आले होते, एवढे खरे. आणि माणूस रिकाम्या हेतूने दुसऱ्याच्या बनीमपाशी येत नाही.

मळणी झाली. यंत्राची धडधड दोन दिवस कानांत राहिली आणि भुसा आठ दिवस श्वासात. पोती घरात आली. या सगळ्या दिवसांत सुकन्या शाळेत जात होती, येत होती, पाणी भरत होती, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्याने पाठ करत होती: 'मी नदी बोलते. माझा उगम डोंगरात झाला. मी सर्वांची तहान भागवते.' त्यांच्या शिवारात नदी नव्हती. एक ओढा होता, तोही चार महिने. एका संध्याकाळी तिने वही आणून दाखवली. दहापैकी दहा, खाली गुरुपादप्पांची सही.

"बघा बापू. गाईडातलंच हाय सगळं. तपासा पाहिजे तर."

तपासा हा शब्द तिने साधेपणाने उच्चारला होता. तरी व्यंकटीला वही हातात धरवेना.

मोजणीच्या दिवशी गावातली रिकामी माणसे झाडून शिवारात आली. मोजणीदार एक तरुण पोरगा होता, डोक्याला टोपी, हातात काठी आणि काठीच्या टोकाला वाटीसारखे यंत्र. तो काठी रोवायचा, मोबाइलसारख्या पाटीवर बघायचा, पुढे जायचा. साखळी नाही, झेंड्या नाहीत. व्यंकटीला त्या यंत्राचाही भरवसा वाटेना. वर उपग्रहातून बघून खालचा बांध कसा कळतो? दोन तास तो मोजणीदाराच्या मागे सावलीसारखा फिरला. पलीकडून बजरंगही तसाच फिरत होता. दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

"नोटीस आणि सातबारा दाखवा," मोजणीदार म्हणाला.

व्यंकटीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले. शाळेतून आल्यावर ते पान त्याने याच कागदांत दडपले होते. फाडून टाकायचे तर कुणाला तुकडे सापडतील. जाळायचे तर शीला बघेल. घडी उलगडताना पान निसटले, वाऱ्याने बांधावरून पलीकडे गेले, आणि बजरंगच्या पायाशी पालथे पडले.

व्यंकटी धावला, पण बांधावर पोचेपर्यंत बजरंगने ते उचलले होते. बजरंग बारावी झालेला, सरसर वाचणारा. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. त्याने एकदा लोकांकडे पाहिले, मग आवाज खाली आणून विचारले:

"हे कोन सांगितलं तिला?"

जवळजवळ तेच शब्द. व्यंकटीला क्षणभर आपलाच आवाज पलीकडच्या तोंडातून आल्यासारखे वाटले.

"तुला म्हाईत असंल. मास्तर तुज्याच घरी ऱ्हातो."

"तो?" बजरंग कडवट हसला. "त्याला मी चार येळा इचारलं, पोरीनं काय लिव्हलंय म्हनून. चा पाजून इचारलं. वही तिची हाय म्हनतो, दुसऱ्याला दाखवनार न्हाई. मला वाटलं, तूच त्याला बांधून घेतला."

"मग माझ्या बनीमपाशी कोन आल्तं?"

"मी आल्तो. तुझी ताडपत्री फडफड करून राहिली व्हती. उडून माझ्या बनीमवर पडली असती, अन् तू म्हनला असतास बजरंगनं चोरली. म्हनून दगडं ठिवले." त्याने पान पुढे केले. "घे. आन लोकांत दाखवू नको."

व्यंकटीने पान घेतले. बाभळीच्या सावलीत जाऊन, लोकांकडे पाठ करून, तो उकिडवा बसला. जिथे बोट थांबले होते, तिथून पुढे चाक रेटू लागला.

'तो बघतो तेव्हा मी डोळे मिटून घेतो. त्याला लाज वाटू नये म्हणून.'

इथे पान संपत होते. त्याने ते उलटले.

'दुसऱ्या अंगालाही एक नांगर आहे. तो धरणारा माणूसही आधी इकडेतिकडे बघतो. दोघे मला दोन बाजूंनी खातात. दुखतं, पण मी ओरडत नाही. मी संपलो की दोन्ही शेतं एकमेकांना शिवतील, आणि मग दोन्ही घरच्या माणसांना एकाच सावलीत भाकरीचं फडकं सोडावं लागेल.'

शेवटच्या वाक्याखाली पेन्सिलची रेघ होती. सरळ, पट्टीने मारलेली.

बाभळीची सावली बसलेल्या व्यंकटीच्या पाठीवरून सरकून बांधावर गेली. बांधापलीकडे बजरंगच्या रानातही एक बाभूळ होती. दोन झाडे, दोन घागरी. लहानपणी तो आणि बजरंग इथेच, यातल्या कुठल्यातरी एका झाडाखाली, एकाच परातीत ज्वारीची भाकरी चुरून खायचे. झाड कुठले, ते आता काही केल्या आठवेना.

"या इकडे दोघं," मोजणीदाराने हाक मारली. पाटीवरच्या रेषा दाखवत तो म्हणाला, "दक्षिणेला बांध यांच्याकडून कोरला गेलाय, उत्तरेला त्यांच्याकडून. दोघांचीही जमीन कमी नाही. उलट थोडी जास्तच भरते. कमी पडलाय तो फक्त बांध."

बघ्यांत कुणीतरी फिसकन हसले. सरजाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. "पोरगी बोलली तेच मशीन बोललं की," ती म्हणाली. मोजणीदाराने खुणेचे दगड कुठे रोवायचे ते दाखवले आणि तो फटफटीवर बसून गेला.

हरभऱ्याच्या पेरणीच्या आधी वखराची पाळी घालताना व्यंकटीने बांधापासून हातभर जागा सोडली. बैलांना सवय नव्हती. ते पुन्हा पुन्हा बांधाला चिकटायला बघत होते, त्यांना ओढून आत घ्यावे लागत होते. पलीकडे बजरंगनेही तेवढीच जागा सोडली. किती सोडली, हे पाहायला व्यंकटी गेला नाही. निदान जवळ जाऊन नाही.

एकदा वाटेत दयानंद सर भेटले. व्यंकटी थांबला. बोलायचे होते, पण तोंडातून आले ते एवढेच: "सर, हरभऱ्याची भाजी निघाली की पाठवून देतो."

"चालेल, मामा."

"पोरं... काय लिव्हत्यात आता?"

"पुस्तकातलं," सर म्हणाले. "छान लिहितात. चुका होत नाहीत." आणि ते त्याच्या खांद्यावरून पलीकडे, शाळेच्या पत्र्याकडे बघत राहिले.

त्या संध्याकाळी त्याने घडी उलगडून पान सुकन्यापुढे ठेवले. घडीवर ते झिजून विरू लागले होते.

"हे चिकटव तुझ्या वहीत."

"नको, बापू. फाडल्यालं हाय ते."

"पुढं काय झालं त्या बांधाचं? सगळा संपला का?"

सुकन्याने त्याच्याकडे पाहिले. प्रश्न कशासाठी विचारला असेल, याचा अदमास घेतल्यासारखे पाहिले. ती नजर व्यंकटीच्या ओळखीची होती. पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाइतकी ओळखीची.

"बांध कुठं बोलतो, बापू," ती म्हणाली, आणि घागर घेऊन नळावर गेली.

पान मात्र ओट्यावर राहिले नाही. शीलाने उचलले की पोरीने, त्याने विचारले नाही.

हरभरा बोटभर वर आला, थंडी पडू लागली. एके दिवशी व्यंकटी रानातून जरा लवकर परतला. अंगणात सुकन्या भिंतीला टेकून गुडघ्यावर वही घेऊन लिहीत होती. जवळ गाईड नव्हते. पेन्सिल चालत होती, थांबत होती, मग एकदा बराच वेळ थांबली. त्याचे पाऊल वाजले तशी तिने मान वर न करता कोपर पुढे आणले आणि पान झाकले.

'काय लपवून राहिली,' हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. व्यंकटीने बैलाकडे तोंड फिरवले, दावे खुंटीला बांधले, आणि गाठ ओढून न बघताच तो मागच्या दाराने आत गेला.

दुसऱ्या दिवसापासून घराकडे येताना तो कोपऱ्यावरच्या कडुलिंबापाशीच खाकरू लागला. चांगला मोठ्याने, दोनदा. मग चपलेतली माती झाडायच्या निमित्ताने तिथेच थोडा थांबायचा, आणि कोपर पुढे यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा जाऊ द्यायचा.